हातभर वाफ

दिनकर साळवे गेल्याची बातमी आली, तेव्हा मी त्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. खोटं नाही सांगत. आमच्या कारखान्यातल्या निवृत्त मंडळींचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. त्यावर रोज सकाळी कुणाचा ना कुणाचा फुलांच्या चौकटीतला फोटो येतोच. वाढदिवस असो, नातवाचा निकाल असो, नाहीतर माणूस गेलेला असो. फुलं तीच, चौकटही तीच. चष्मा आतल्या खोलीत राहिलेला, फोटोत दिनकर हसत होता, म्हणून मी आपलं लिहून टाकलं, ‘साळवेसाहेब, शंभर वर्षं जगा.’ पाच मिनिटांत दोघातिघांचे फोन आले. एकानं तर सरळ शिवी हासडली. मी चष्मा आणला, खालची ओळ वाचली आणि लिहिलेलं पुसायला गेलो, तर ते पुसायचं कसं तेच कळेना... मुलगा कामावर गेलेला, सून शाळेत. ती दुपारी घरी येईपर्यंत माझ्या शुभेच्छा तशाच त्या फोटोखाली होत्या.

त्याला आता सहा आठवडे झाले. अजून माझ्या डोक्यात गोंधळच आहे, आणि तो निस्तरावा म्हणूनच हे लिहायला बसलोय. मी काही लेखक नव्हे. प्रवरेच्या पट्ट्यात साखर कारखाने काही कमी नाहीत, त्यांतल्या एकात माझा जन्म गेला. कोणता ते सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. मी बॉयलर अटेंडंट, दिनकर पाण्याचा केमिस्ट. चारचौघांत मी त्याला साळवेसाहेब म्हणायचो, एकटे असलो की दिनकर. तो मला कायम तात्याच म्हणायचा, म्हणजे सगळेच म्हणायचे.

तो कामावर रुजू झाला, तेव्हा मी त्याची टिंगल केली होती, हेही सांगून टाकतो. बी.एस्सी. झालेला, शर्ट खोचलेला, खिशाला दोन पेनं. त्याच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेला तो पहिलाच. वडील आमच्याच भागात शेतमजुरीला जायचे. कुणीतरी सांगितलं, हे नवे साहेब बॉयलरचं पाणी तपासणार. मी म्हणालो, ‘म्हणजे पाण्याचे डॉक्टर! पाण्याला ताप आला की इंजेक्शन देणार!’ सगळे खदाखदा हसले. दिनकरही हसला, आणि दुसऱ्या दिवशी त्यानं मला लॅबमध्ये बोलावून घेतलं. खिडकीत दोन बाटल्या ठेवल्या होत्या. दोन्हींत आमच्याच प्लँटमधून आलेलं शुद्ध पाणी आणि एकेक कोरा करकरीत खिळा. एकीतलं पाणी त्यानं खळखळून उकळलं होतं, बाटली काठोकाठ भरली होती आणि वर तेलाचा थर देऊन बूच मारलं होतं. दुसरी तशीच अर्धी, उघडी. ‘आठवड्यानं या तात्या,’ म्हणाला. आठवड्यानं गेलो, तर उघड्या बाटलीतला खिळा तांबडाभडक झालेला, अन् उकळलेल्या पाण्यातला नवरदेवासारखा चकाकत होता. मी म्हटलं, पाणी तर एकच, शुद्ध केलेलं. क्षार नाही, माती नाही, मग हा गंजला कसा? तो म्हणाला, ‘पाण्यातनं आपण सगळं काढलं, पण हवा राहिली. हवेतला ऑक्सिजन पाण्यात विरघळून बसतो, डोळ्यांना दिसत नाही. गार पाण्यात लोखंडाला तो सावकाश खातो. बॉयलरच्या गरम नळ्यांत मात्र एकाच जागी बसून खड्डा पाडतो. बाकीची नळी धडधाकट, आणि एका टिंबाएवढ्या जागी आरपार!’ खरं सांगतो, ज्या हवेवर आपण जगतो ती लोखंडाला खाते, हे माझ्या पचनी पडायला बरेच दिवस गेले.

आता जरा बॉयलरची गोष्ट सांगणं भाग आहे, तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. बॉयलरमध्ये पाणी सोडण्याआधी ते उंचावरच्या एका टाकीतून जातं. आम्ही तिला डीअरेटर म्हणतो. तिथं वाफेनं पाणी उकळीला आणायचं, म्हणजे त्यात विरघळलेली हवा सुटते. सुटलेली हवा बाहेर जायला टाकीच्या डोक्यावर एक बारीक पाईप असतो, त्यावर व्हॉल्व. त्या पाईपातून हवेबरोबर थोडी वाफही जाते, जायलाच हवी. ती हातभर दिसली की समजायचं, हवा नीट निघतेय. एवढं करून जो उरलासुरला ऑक्सिजन राहतो, त्याच्यासाठी पाण्यात औषध सोडायचं. ते औषध, त्याचा डोस, त्याच्या तपासण्या सगळं दिनकरकडे. व्हॉल्व आमच्याकडे.

त्या पाईपातून जाणारी वाफ मला बघवत नसे. आमच्या आईनं उतू जाणारं दूध बघितलं की तिचा जीव जसा खालीवर व्हायचा, अगदी तसं. वाफ म्हणजे जाळलेला बगॅस, उसाचा चोथा, आणि त्या दिवसांत आमच्याकडे कोणत्या पाळीनं बगॅस किती वाचवला ते फळ्यावर लिहायची पद्धत निघाली होती. आपल्या पाळीचं नाव वर यावं, एवढीच हौस हो! एका गळिताच्या सीझनला, संक्रांतीच्या सुमाराला, मी वर चढलो आणि तो व्हॉल्व आवळला. जरासा नव्हे, पार बंद. खाली आलो, तर सगळे काटे जागच्या जागी. टाकी गरम, प्रेशर ठीक, बॉयलर मजेत. मला वाटलं, बघा, इतकी वर्षं उगाच वाफ सोडत होते येडे! आमच्या पाळीचं नाव फळ्यावर वर गेलं आणि मी मिशीला पीळ दिला.

दिनकर मात्र त्या महिन्यात हैराण झाला होता. त्याच्या पाण्याला औषध रोजच्यापेक्षा जास्त लागत होतं आणि का ते त्याला उमगत नव्हतं. ऑक्सिजन मोजायचं रसायन नेमकं संपलेलं, मागणीचे कागद वरच्या टेबलावर धूळ खात पडलेले. तो अंदाजानं औषध वाढवत राहिला. एकदा चहाच्या टपरीवर त्यानं मला विचारलं, ‘तात्या, वर सगळं ठीक आहे ना?’ मी म्हणालो, ‘ठीक आहे की!’ अगदी सहज म्हणालो. मला तेव्हा खरोखरच ठीक वाटत होतं की फळ्यावरचं नाव जाईल म्हणून मी तसं म्हणालो... मी या प्रश्नाभोवती किती वेळा फिरलोय म्हणून सांगू. दर वेळी उत्तर वेगळं येतं.

सीझन संपायला थोडे दिवस असताना बॉयलरची एक नळी फुटली. दैव बलवत्तर म्हणून माणूस कुणी सापडला नाही. पण कारखाना बंद, गव्हाणीत उसाची मोळी पडेना, बाहेर रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग लागलेली आणि गाडीवाले आमच्या नावानं बोटं मोडतायत. फुटलेली नळी कापून उभी चिरली. आत तांबूस फोड आले होते, देवी आलेल्या अंगावर येतात तसे. दिनकरनं नखानं एक फोड उचकटला. खाली काळी भुकटी आणि भुकटीखाली खड्डा. मला मात्र त्या दोन बाटल्या आठवल्या. चौकशीची माणसं दुसऱ्या दिवशी यायची होती. त्याआधीच मी वर चढलो आणि व्हॉल्व पूर्वीइतका उघडून ठेवला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

चौकशी जेमतेम अर्धा दिवस चालली. पाणी केमिस्टचं, औषध केमिस्टचं, म्हणजे चूकही केमिस्टची. डोस चुकला, असा ठपका ठेवला. दिनकर उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, ‘पाण्याची जबाबदारी माझी आहे.’ मी मागं भिंतीला टेकून उभा होतो. माझा सख्खा चुलता तेव्हा संचालक मंडळात. मी तोंड उघडलं असतं, तरी मला फार तर चार शब्द ऐकून घ्यावे लागले असते. साळव्याच्या पोरावर ठपका ठेवणं सोपं होतं. का सोपं होतं, ते आपल्याकडच्या माणसाला फोडून सांगायला नको. तेव्हाही मला ते कळत होतं, आणि मी गप्प बसलो. दिनकरला लॅबमधून काढून वजनकाट्यावर बसवलं. उसाच्या गाड्यांची वजनं लिहायला, बी.एस्सी. झालेला माणूस! तीन सीझन तो तिथं होता. दरम्यान चीफ केमिस्टची जागा निघाली, ती त्याच्या हाताखाली शिकलेल्याला मिळाली.

आणि आमची दोस्ती? ती तुटली नाही, हेच तर माझ्या डोक्यात शिरत नाही. उलट वाढली. काट्यावरून सुटला की तो माझ्याकडे यायचा. त्याची मुलगी प्रज्ञा दहावीला पहिली आली, तेव्हा पहिला पेढा माझ्या घरात. माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, तेव्हा संगमनेरच्या दवाखान्यात चार दिवस माझ्या उशाशी हाच बसून. सख्खा भाऊ यायचा आणि घड्याळ बघून जायचा. दर वेळी मनात यायचं, आज सांगून टाकू. ‘दिनकर, ऐक...’ म्हणून सुरुवातही करायचो. तो म्हणायचा, ‘बोला की तात्या,’ आणि मी काहीतरी दुसरंच बोलायचो. पावसाचं, नाहीतर त्याच्या गुडघ्याचं. त्याला माहीत असावं आणि तरीही तो येत असावा, असं वाटलं की मला त्याचा राग यायचा. माहीत नसावं असं वाटलं की स्वतःचा यायचा. असा तीसेक वर्षं मी या दोन रागांमध्ये ये-जा करत राहिलो.

लॅबमध्ये तो परत आला, तो उगाच नव्हे. त्याच्या जागी बसवलेल्यानं तीन सीझनमध्ये पाण्याचा पार बट्ट्याबोळ केला होता. परत आल्यावर दिनकर रोज सकाळी, गुडघा दुखत असतानाही, स्वतः डीअरेटरवर चढून वाफ बघून यायचा. मला वाटायचं, हा माझ्यावर पाळत ठेवतोय. वाटणारच. चोराच्या मनात चांदणं!

शेवटची भेट दिवाळीनंतरची. तो हिवरे बाजारला पाहुण्यांकडे जाऊन आला होता, येताना मुद्दाम वाट वाकडी करून माझ्याकडे उतरला. थकला होता, पण डोळे तसेच चमकत होते. म्हणाला, ‘तात्या, एक गंमत वाचली. मोठ्या वीज केंद्रांत पाणी इतकं निखळ करतात, की त्यात मुद्दाम थोडासा ऑक्सिजन ठेवतात. तसल्या पाण्यात तो लोखंडावर एक पातळ पापुद्रा धरतो आणि तो पापुद्राच लोखंडाला जपतो.’ मी म्हटलं, ‘म्हणजे तू जन्मभर आम्हाला उलटंच शिकवलंस?’ तो हसला. ‘उलटं नाही हो. आपल्या पाण्याला तो घातकच, आपलं पाणी कुठं तेवढं निखळ असतं? पण मला आधी वाटायचं, एकदा कळलं म्हणजे कळलं. तसं नसतं.’ मी वैतागलो. ‘खातो की जपतो, एक काय ते सांग बाबा!’ म्हणालो. तो म्हणाला, ‘पाण्यावर आहे.’ आणि चहा पिऊन गेला. मी त्याला गाडीपर्यंत सोडायलाही गेलो नाही, टीव्हीवर मॅच चालू होती. बावळट माणूस मी.

त्याच्या जलदान विधीला मी गेलो. बौद्ध पद्धतीनं सगळं साधं होतं. मेणबत्त्या, वंदना, मग जवळच्यांनी दोन-दोन शब्द बोलायचे. प्रज्ञा आता पुण्याला इंजिनीअर आहे. ती उभी राहिली, बापासारखीच सरळ. वडिलांबद्दल बोलता बोलता ती एकदम माझ्याकडे वळली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, ‘बाबांच्या हातून नोकरीत एक मोठी चूक झाली होती, ती त्यांनी आमच्यापासून कधी लपवली नाही. वाफ फार जातेय, जरा कमी करा, असं त्यांनीच तात्याकाकांना सांगितलं होतं. त्यामुळे नळी फुटली. काकांनी मनात आणलं असतं तर चौकशीत सांगितलं असतं, की मला साळवेसाहेबांनी सांगितलं. साहेबांनी हुकूम दिला असं निघालं असतं तर बाबांची नोकरीच गेली असती. काका गप्प राहिले. बाबा म्हणायचे, असा माणूस जन्मात एकदा भेटतो.’ सगळ्यांनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं. शेजारच्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. मी उठायला पाहिजे होतं... उठून म्हणायला पाहिजे होतं, की पोरी, थांब. मी हात जोडले. हात जोडले, म्हणजे लोकांना वाटलं, किती नम्र माणूस!

घरी आल्यापासून मी आठवून आठवून दमलो. सांगितलं होतं का त्यानं? टपरीवर कधीतरी तो म्हणाला असेल, ‘एवढी नको तात्या, हातभर पुरे.’ म्हणाला असेलही. तो रोजच काही ना काही सांगायचा आणि मी अर्धं ऐकायचो. पण हातभर म्हणाला असेल, तर बरोबरच म्हणाला. पार बंद कर असं तो स्वप्नातसुद्धा म्हणणार नाही. पार बंद केला तो मी. फळ्यासाठी केला. नंतर चोरून उघडला तोही मीच. आणि हा खुळा माणूस जन्मभर समजत राहिला, की त्याच्या एका शब्दानं नळी गेली आणि मी त्याला पदराखाली घेतलं. म्हणून तो दवाखान्यात बसला. म्हणून पहिला पेढा माझ्याकडे. म्हणजे ते सगळं प्रेम मी चोरलेलं होतं का? की ते त्याचं होतं आणि कसंही मिळालंच असतं? कुणाला विचारायचं आता...

गेल्या सोमवारी त्याच्या घरी गेलो. सुमनवहिनी एकट्याच होत्या, दाराबाहेरच्या ओट्यावर वाल सोलत बसलेल्या. मी बसलो आणि इकडचं तिकडचं काही न बोलता सांगून टाकलं. व्हॉल्व मी बंद केला, पार बंद केला, मिरवण्यासाठी. दिनकरनं विचारलं तेव्हा ठीक आहे म्हणालो. चौकशीआधी गुपचूप उघडला. त्याला वाचवायला गप्प नव्हतो वहिनी, स्वतःला वाचवायला गप्प होतो. सत्तरी उलटलेला माणूस, त्यांच्या ओट्यावर पोरासारखा रडलो.

वहिनींच्या हातातली शेंग हातातच राहिली. म्हणाल्या, ‘ते जन्मभर म्हनायचे, चूक माजी. तुमी म्हंता, चूक माजी. आता मी कुनाचं खरं धरू भाऊजी?’

मी म्हणालो, ‘माझं धरा.’

‘ते असते तर म्हनले असते, माजं धर.’ त्या जराशा हसल्या, मग हसू गेलं. ‘चूक कुनाचीबी असू द्या. काट्यावर तीन सीझन तेच बसले. जेवायला घरी यायचे न्हाईत, लोकं बघत्यात म्हनून. ते मी बघितलंय, तुमी न्हाई.’

मी खाली मान घालून बसलो. वाटलं, आता त्या म्हणतील, निघा भाऊजी. त्यांनी तसं म्हणावं असंही वाटत होतं, म्हणू नये असंही. त्या उठून आत गेल्या. दारातून स्वयंपाकघर दिसत होतं. उकळून गार केलेलं पाणी त्यांनी एका तांब्यात घेतलं, दुसरा तांब्या खाली धरला आणि वरून धार सोडली. मग खालचा वर, वरचा खाली. दोनदा, तीनदा, चारदा. मी बघतच राहिलो. माझ्याकडे न पाहताच त्या म्हणाल्या, ‘डॉक्टरनी पानी उकळून प्यायला सांगितलंय. पर उकळल्यावर पानी मेल्यावानी लागतं. हे म्हनायचे, त्यातली हवा गेली, ती परत घालावी लागती. रोज सकाळी ह्येच करीत बसायचे. आता मलाबी तसंच लागतंय, त्याबिगर पानी जात न्हाई.’

कारखान्यात ज्यानं जन्मभर पाण्यातली हवा काढली, तो घरी रोज सकाळी ती परत घालत होता. मला कधी बोलला नाही. मी विचारलंच नव्हतं. वहिनींनी तांब्या माझ्या हातात दिला. मी प्यालो. चांगलं लागलं पाणी, खरंच चांगलं लागलं, आणि त्यानंच मला पुन्हा हुंदका आला.

‘आनखी देऊ?’ वहिनींनी विचारलं. मला हो म्हणायचं होतं. मी नुसताच रिकामा तांब्या पुढं केला. त्यांनी तो घेतला, आणि आत पुन्हा धारेचा आवाज सुरू झाला.